सोलापूर : जुन्या विणकाम शेडमध्ये कामाच्या जागा करायच्या आहेत. सुरुवात कुठून करावी?

मागपेठ (प्रश्न)

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागातली एक बंद विणकाम शेड आमच्या न्यासाकडे आहे. न्यास नोंदणीकृत, सार्वजनिक. शेड पाडून इमारत बांधायची नाही, असं विश्वस्तांचं ठरलंय. आहे त्या शेडमध्ये छोटी कार्यालयं, शिवणकामाचे गाळे आणि एक अभ्यासिका करायची आहे. आसपासच्या गल्ल्यांत घरोघर गणवेश शिवले जातात, विडी वळणाऱ्या बायका आहेत, स्पर्धा परीक्षा देणारी मुलं आहेत. फायदा आधी त्यांना व्हावा, मग भाड्याचं बघू.

शेडची माहिती अशी : पूर्व-पश्चिम ३६ मीटर, उत्तर-दक्षिण ५४ मीटर, एकमजली. छप्पर करवतीच्या दातांसारखं, एकूण नऊ दात, प्रत्येक ६ मीटरचा, काचा उत्तरेला. दात पन्हळीपासून साधारण २.२ मीटर उंच. खांब गोल आणि पोकळ, ६ × ४ मीटरवर. छपरावर सिमेंटचे पत्रे, बरेच तडकलेले. पावसात पन्हळी गळतात. खाली शहाबादी फरशी, तिच्यात मागांचं तेल मुरलेलं. भिंती दगडी, ४५० मिमी. दक्षिणेची भिंत थेट रस्त्याला लागून, तिला आज एकही दार नाही. बाकी तीन बाजूंना पाच-सहा मीटर मोकळं आवार आणि अडीच मीटर उंच कुंपण. फाटक एकच, साडेतीन मीटरचं.

एका ठेकेदाराचं म्हणणं : पत्रे बदला, खाली फॉल्स सिलिंग करा, खांबांना वेल्डिंग करून लोखंडी पोटमाळा बांधा, म्हणजे जागा दीडपट होईल. हे बरोबर आहे का?

---

ओतकाम

वेल्डिंग आधी थांबवा. इतक्या जुन्या शेडमधले गोल पोकळ खांब बहुधा बिडाचे (ओतीव लोखंडाचे) असतात. खात्री करायला एका खांबाला ६ मिमीचं भोक पाडा. बीड असेल तर काळसर भुकटी पडते, पोलाद असेल तर लांब वळलेला किस निघतो. बीड दाब उत्तम घेतं, पण ताण आणि धक्का सोसत नाही, आणि साध्या वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारी तडकतं. तडा कधी कधी दुसऱ्या दिवशी दिसतो. खांबाला जे काही धरायचं ते दोन अर्ध्या पट्ट्यांच्या क्लॅम्पने, मध्ये रबर घालून.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अशा शेडमध्ये पोकळ खांब हेच पावसाच्या पाण्याचे नळ असायचे. पन्हळीतलं पाणी खांबातून जमिनीखालच्या गटारात जायचं. गटार गाळाने बुजलं की पाणी खांबात उभं राहतं आणि बीड आतून गंजतं. बाहेरचा रंग शाबूत असतो, म्हणून कळत नाही. प्रत्येक खांबाला तळापासून ३०० मिमीवर आणि मध्यावर, अशा दोन पातळ्यांवर तीन-तीन भोकं पाडून जाडी मोजा, १२० अंशांवर एकेक. तीन यासाठी, की ओतताना आतला गाभा सरकलेला असतो. एका बाजूला २५ मिमी आणि समोर १२ मिमी, असं सर्रास सापडतं. हिशेब सर्वात पातळ जाडीवर करायचा.

मग पाणी खांबांतून कायमचं काढून घ्या. पन्हळीचा उतार मधून पूर्व-पश्चिम भिंतींकडे द्या आणि नवे नळ भिंतीबाहेरून खाली आणा. खांबाचं वरचं तोंड बंद करा, तळाशी १० मिमीचं भोक ठेवा, म्हणजे आतला दमटपणा निघून जाईल. खांबात काँक्रीट भरायचा सल्ला मिळेल. आतला गंज आणि पाणी तसंच कोंडून काँक्रीट ओतलं, तर पुढे तपासायची सोयही जाते.

पोटमाळा करायचाच असेल तर स्वतःच्या वेगळ्या खांबांवर, वेगळा पाया घेऊन उभा करा आणि जुन्या खांबांपासून ५० मिमी अंतर ठेवा. कार्यालयाचा चल भार (माणसं आणि सामान यांचा) आयएस ८७५ या भारांच्या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन, आणि कागदपत्रं त्याच खोलीत ठेवणार असाल तर ४. शिवणयंत्रं आणि कापडाचे तागे वर ठेवू नका. हलक्या औद्योगिक कामासाठी ५ धरावे लागतात आणि सगळा सांगाडा जड होतो. नवा पाया काळ्या मातीत थांबवायचा नाही, खाली मुरूम लागेपर्यंत न्यायचा. आहे त्या खांबांचे पायेही दोन-तीन ठिकाणी उकरून बघा. बुजलेल्या गटाराचं पाणी काळ्या मातीत मुरत असेल तर ती फुगते-आकसते आणि खांब एकेक करून वर-खाली होतात.

छपराबद्दल एक इशारा. सिमेंटच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला १६ किलोच्या आसपास, नव्या रंगीत पोलादी पत्र्याचं ५. छप्पर हलकं झालं की वळवाच्या वादळात ते उचललं जाण्याचा धोका वाढतो. कैच्या (छपराचा भार पेलणारे सांगाडे) खांबांना कशा धरल्यात ते तपासल्याशिवाय पत्रे बदलू नका. जुने बोल्ट हातोडीच्या टोकाने ठोकून बघा, निम्मे तरी बदलावे लागतील असं धरून चला.

---

उत्तरउजेड

फॉल्स सिलिंग करू नका. या छपराची सगळी किंमत त्याच्या उजेडात आहे. उत्तरेच्या काचांतून दिवसभर सावली न पडणारा उजेड येतो, मागावर सूत दिसावं म्हणून तो मुद्दाम तसा घेतलेला होता. टेबलावर लागणारे ३०० ते ५०० लक्स (उजेडाचं माप) वर्षातले बहुतेक दिवस दिवा न लावता मिळतात. सिलिंग केलं की उजेड जातो, वर गरम हवा कोंडते आणि पन्हळ कुठे गळते ते कळायला सिलिंगच खाली यावं लागतं.

एक सावधगिरी. सोलापूर १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. साधारण मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि एप्रिल-ऑगस्टमध्ये सकाळ-संध्याकाळची किरणं उत्तरेकडून तिरपी येतात. म्हणजे नेमकं कडक उन्हाळ्यात काचेतून थेट ऊन आत येऊ शकतं. काचांवर ३०० ते ४५० मिमीचा छज्जा आणि दर दोन मीटरवर उभी पट्टी लावली की पुरतं. काच लॅमिनेटेड घ्या, डोक्यावर साधी काच नको. दर तिसरा तावदान उघडणारा ठेवा आणि तो खालून साखळीने उघडता आला पाहिजे, नाहीतर वर्षभरात कोणी उघडत नाही.

अशा जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो, त्याचे तंतू श्वासातून गेले तर फुप्फुसाला घातक. तुमच्या मापाने उताराचं क्षेत्र सुमारे २,०७० चौ. मी., म्हणजे ३३ ते ३५ टन माल. पत्र्यावर पाणी मारत राहायचं, बोल्ट पान्याने सोडवायचे किंवा कापणीने तोडायचे, ग्राइंडर अजिबात नाही. पत्रा वरून फेकायचा नाही, अख्खा खाली उतरवायचा. दोन थर जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टी लावायची आणि घातक कचऱ्याच्या मान्यताप्राप्त केंद्रात पाठवायचा. तुम्हाला पुण्याजवळचं रांजणगावचं केंद्र सोयीचं. रुमाल किंवा कापडी मास्क चालत नाही, पी-१०० (बारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा लागतो. तुटके तुकडे रस्त्याच्या खड्ड्यांत भरायला मागणारे येतील, त्यांना एक तुकडाही देऊ नका. आणि या पत्र्यावर माणूस थेट उभा राहता कामा नये. पत्रा कधी दगा देईल सांगता येत नाही, फळ्या टाकून आणि कमरेला दोर बांधूनच चढायचं.

नव्या छपराला उष्णता अडवायला ५० मिमी रॉकवूल (दगडी लोकर) हवी, खालच्या बाजूने छिद्रांचा पत्रा घेतलात तर घुमणारा आवाजही कमी होईल. इतक्या मोठ्या उघड्या जागेत आवाजाची तक्रार पहिल्या आठवड्यात येते.

पन्हळीचा हिशेब : एका दाताचं क्षेत्र ६ × ३६ = २१६ चौ. मी. तासाला १०० मिमी पाऊस धरला तर सेकंदाला ६ लिटर पाणी. दोन टोकांना विभागून ३-३ लिटर. प्रत्येक टोकाला १५० मिमीचा नळ द्या. तो गरजेपेक्षा मोठा आहे, पण पानं-कचरा अडकतोच. पन्हळ ४५० मिमी रुंद ठेवा, माणूस आत उभा राहून साफ करू शकला पाहिजे. उतार २०० ला १. टोकाला उतू जायचं तोंड पन्हळीच्या काठाच्या ५० मिमी खाली ठेवा, म्हणजे नळ तुंबला तर पाणी भिंतीबाहेर पडेल, आत येणार नाही. सोलापुरात सप्टेंबरचा पाऊस जोराचा, पन्हळी ऑगस्टअखेर पुन्हा साफ करायच्या.

दक्षिणेचे उतार सौर पॅनेलसाठी उत्तम आहेत, सुमारे २० अंशांचे. पण पूर्ण उतारावर पॅनेल लावू नका. डिसेंबरात दुपारी सूर्य ४९ अंशांवर असतो, त्या वेळी पुढच्या दाताची सावली पन्हळीपासून जवळजवळ दीड मीटर वर चढते, सकाळी आणि दुपार कलल्यावर आणखी. खालचे दोन मीटर मोकळे सोडा, साफसफाईलाही ती जागा लागते. तरी ७०-८० किलोवॉट सहज बसतील. पॅनेलचा भार चौरस मीटरला १५ किलो, तो ओतकाम यांच्या कैचीच्या हिशेबात आधीच धरायचा.

गारव्यासाठी डक्टचे पाण्यावरचे कूलर मार्च ते मे उत्तम चालतात, हवा कोरडी असते. जूननंतर त्यांचा उपयोग नाही, तेव्हा पंखे आणि उघडी तावदानं. एसी फक्त बंद खोल्यांना. सात मीटरचे मोठे पंखे सध्या सगळे घेतात, पण तुमच्या ६ × ४ च्या खांबांत ते बसत नाहीत.

---

बंबखाना

कामाला हात लावण्यापूर्वी कैच्यांवर साठलेली कापसाची धूळ व्हॅक्यूमने काढा. झाडूने नको, ती हवेत उडते. वर्षानुवर्षांचा हा थर एका ठिणगीने पेटतो आणि आग कैची-कैचीने पुढे पळते. शेडमधल्या बऱ्याच आगी माणसं राहायला आल्यावर लागत नाहीत, दुरुस्तीच्या कटिंगमध्ये लागतात. कटिंग संपल्यावर तासभर एक माणूस पाण्याची बादली घेऊन तिथेच थांबला पाहिजे.

माणसांचा हिशेब : राष्ट्रीय इमारत संहितेत कार्यालयाला माणशी १० चौ. मी. धरतात. तुमचे १,९४४ चौ. मी. म्हणजे १९५ माणसं. पण बाकांची दाटीवाटी आणि अभ्यासिका धरली तर प्रत्यक्षात ४०० होतील, तेवढ्यांची तयारी ठेवा. सपाटीवरच्या दारांना माणशी ६.५ मिमी, म्हणजे एकूण २.६ मीटर रुंदी. कागदावर दीड-दीड मीटरची दोन दारं भागतात, पण त्यावर समाधान मानू नका. एक दार धुराने बंद झालं असं समजून चारही बाजूंना एकेक दार ठेवा, बाहेर उघडणारं, ढकलपट्टीचं, कुलूप नसलेलं. कुठूनही दारापर्यंतचं चालायचं अंतर ३० मीटरच्या आत हवं, आणि ते पार्टिशनला वळसे घालून मोजायचं. नकाशावर फूटपट्टी ठेवून नाही.

साडेतीन मीटरच्या फाटकातून बंब वळत नाही. सहा मीटर करा. कमान ठेवायची असेल तर खाली पाच मीटर मोकळी उंची ठेवा. आवारात गाड्या लावायला दिल्यात तर बंबाच्या वाटेवर पिवळे पट्टे मारा आणि ते पाळले जातात का ते बघायला माणूस नेमा.

कँटीन शेडच्या आत नको आणि छपरावर तर मुळीच नको. मुंबईत कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ ला गच्चीवरच्या उपाहारगृहांत आग लागून १४ जण गेले. बरेच जण प्रसाधनगृहात अडकून धुराने गुदमरले. गिरणीच्या आवारात कामाच्या जागा आल्या, त्यामागे खाण्याच्या जागा आल्या, आणि पायवाटा, जिने, छपरं हळूहळू भरत गेली. तुमच्याकडेही मागणी येईल. कँटीन आवाराच्या उत्तर टोकाला वेगळ्या पक्क्या खोलीत, गॅसच्या टाक्या बाहेर जाळीत.

अग्निशमन यंत्रणा परवानाधारक एजन्सीकडूनच बसवा आणि नमुना ब (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) दर जानेवारी आणि जुलैला भरा. तो भरायची जबाबदारी मालकाची, म्हणजे न्यासाची, भाडेकरूंची नाही.

---

डिलाईल रोड

वरचं सगळं नीट झालं तरी शेजाऱ्यांना फायदा आपोआप होत नाही. मुंबईच्या गिरण्यांचं उदाहरण समोर आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियम ५८ मध्ये गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले : एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती केली. गिरण्यांची बहुतेक जमीन शेडखाली, त्यामुळे सार्वजनिक वाटा एकदम आक्रसला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. चाळीतल्या माणसाला समोरच्या आवारात कामाची जागा मिळाली नाही. लाभ कशातून मोजायचा हे कागदावर कसं लिहिलंय, त्यावर सगळं ठरतं.

म्हणून तुम्ही तो चौरस मीटरमध्ये लिहा. दक्षिणेकडचा पहिला दात, ३६ × ६ मीटर, रस्त्याला लागून आहे. खांबांच्या अंतरानेच त्याचे ६ × ४ चे नऊ गाळे पडतात, प्रत्येकी २४ चौ. मी. एका गाळ्यात पाच-सहा शिलाई यंत्रं आणि एक कापणीचं टेबल बसतं. हे नऊही रस्त्याकडे उघडू द्या आणि कायम आसपासच्या लोकांसाठी राखून ठेवा : शिवणकाम, यंत्रदुरुस्ती, झेरॉक्स, एकात पाळणाघर. विश्वस्त मंडळाचा ठराव करा आणि प्रत्येक भाडेकराराला तो जोडा. मागच्या कार्यालयांचं भाडं पूर्ण घ्या, पुढच्या गाळ्यांचं देखभालीपुरतं.

अकरा महिन्यांच्या करारावर शिवणकामवाली बाई वीजजोडणीचा आणि यंत्रांचा खर्च करणार नाही. पाच वर्षांचा करार आणि तीन महिन्यांची अनामत ठेवा.

पूर्व-पश्चिम कुंपणात एकेक छोटं फाटक पाडून आवारातून गल्ली ते गल्ली वाट द्या, सकाळी सहा ते रात्री दहा. शाळेची मुलं त्या सावलीतून जातील. स्वच्छतागृह असं बांधा की त्याचं एक दार आत आणि एक वाटेवर उघडेल. अभ्यासिका पूर्वेच्या भिंतीला, वेगळ्या दाराची, म्हणजे कार्यालयं बंद झाल्यावरही ती रात्री उघडी राहील.

टोरांटोचं ४०१ रिचमंड बघण्यासारखं आहे. जुना पत्र्याच्या डब्यांचा कारखाना, १९९४ मध्ये विकत घेऊन न पाडता चित्रकार, छोट्या संस्था, छोटे व्यवसाय यांना परवडणाऱ्या भाड्याने दिला. तिथे पाळणाघर आहे, गच्चीवर बाग आहे. पण आसपास टोलेजंग इमारती आल्यावर कर त्या भावाने आकारला जाऊ लागला आणि कमी भाडं टिकेना. शेवटी अशा जागांसाठी करात वेगळा वर्ग करून घ्यावा लागला. तुमच्याकडेही वापर बदलला की मालमत्ता कर बदलेल. भाडं ठरवण्याआधी महापालिकेकडून नव्या वापराची आकारणी काढून घ्या.

---

हिशेबनीस

डिलाईल रोड यांच्या पाच वर्षांच्या सल्ल्यात एक अडचण आहे. सार्वजनिक न्यासाला बिगरशेती मालमत्ता तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने देताना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर करार टिकत नाही आणि पहिली झळ त्या गाळेवाल्या बाईलाच बसते. दोन मार्ग आहेत. नऊ गाळ्यांसाठी एकत्र अर्ज करून परवानगी घ्या, किंवा तीन वर्षांचा करार करा आणि नूतनीकरणाचे निकष ठरावात लिहा. पहिला मार्ग वेळ खातो पण पक्का आहे. करार कोणताही असो, लेखी आणि नोंदणीकृतच.

वीज : शेडची जुनी जोडणी यंत्रमाग किंवा औद्योगिक वर्गातली असणार. तिच्यावर कार्यालयं चालवली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. वापर कधीपासून हे ठरत नसेल तर मागचे बारा महिने धरतात. पहिला भाडेकरू येण्याआधी वर्ग बदलून घ्या आणि गाळ्यांना स्वतंत्र मीटर द्या. एका मीटरवर वाटून घ्यायची पद्धत भांडणात संपते.

महापालिकेत वापरबदलाची परवानगी मागताना, जागा बंद कारखान्याची असेल तर कामगारांची देणी चुकती केल्याबद्दल कामगार आयुक्तांचं ना-हरकत मागतात. जुने हजेरीपट आणि देण्यांच्या पावत्या आत्ताच शोधायला घ्या.

---

मागपेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पोटमाळा रद्द केला. एक शंका : दक्षिणेच्या भिंतीत नऊ दारं पाडली तर भिंत राहील का?

---

ओतकाम

नेमका प्रश्न विचारलात. बिडाचे खांब फक्त उभा भार घेतात. वारा आणि भूकंपाचा आडवा धक्का बाहेरच्या दगडी भिंतीच पेलतात, त्यामुळे ही भिंत मनाला येईल तशी कापता येणार नाही. प्रत्येक दार २.४ मीटरपेक्षा रुंद नको, म्हणजे दोन दारांमध्ये १.६ मीटरचा दगडी भाग राहतो. दाराभोवती चारही बाजूंनी पोलादी चौकट बसवा, खालची बाजूही, आणि ती दगडात रासायनिक अँकरने धरा. दारांच्या वरून संपूर्ण ३६ मीटर सलग काँक्रीटचा पट्टा. कोपऱ्यातल्या दोन गाळ्यांना शटर नको, कोपऱ्यापासून किमान दीड मीटर सोडून १.२ मीटरचं साधं दार द्या. कोपरे कापले की भिंती एकमेकींपासून सुटतात.

दारं एका मागोमाग पाडू नका. आधी एक, तीन, पाच, सात, नऊ. वरच्या भिंतीत आडव्या तुळया घालून टेकू द्यायचा, मग खालचा दगड काढायचा, चौकट बसवायची आणि वरची फट न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची. ते आठवडाभर पक्कं झालं की मग दोन, चार, सहा, आठ. जुना जोड चुन्यातला असेल तर दुरुस्तीही चुन्यातच करा, सिमेंटच्या दरजांनी आतला ओलावा अडकतो आणि दगड सुटतो.

कामाचा क्रम : दिवाळीनंतर खांबांची जाडी आणि पाये, डिसेंबरात धूळ आणि पत्रे, मार्चअखेर नव्या पन्हळी आणि छप्पर. पत्रे तीन-तीन दातांचे काढा, पूर्ण शेड एकदम उघडी टाकू नका. दारं छपरानंतर. तेल मुरलेली फरशी सर्वात शेवटी काढा, तोवर परांची तिच्यावरच उभी राहू दे. तिच्यावर नवी टाइल चिकटवायचा प्रयत्न मात्र करू नका, तेलामुळे ती वर्षभरात सुटते.